मेणवलीच्या घाटाचा जलरंगातला पूर्वअभ्यास: स्टुडिओत उपयोगी पडायचा तर तो कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा: वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेवरच्या घाटाचं ३० × ४० इंची तैलचित्र स्टुडिओत करायचं आहे. त्यासाठी जागेवर बसून जलरंगात अभ्यास केला. अभ्यास देखणा झाला, पण त्यावरून मोठं चित्र उभं राहत नाही. पाणी तर हमखास फसतं. फोटोही काढलेत, तरी अडतं. चुकतं कुठे?

अभ्यास देखणा झाला, इथेच बहुतेक वेळा चूक असते. जागेवर बसलेला माणूस नकळत छोटं चित्र पुरं करायच्या मागे लागतो. कोपरे भरतो, झाडाला पानं काढतो, न पाहिलेलं पुढचं पाणी दोन चलाख फटकाऱ्यांत उरकतो. नऊ-बारा इंचांत ते खपून जातं. स्टुडिओत मात्र तुम्हाला वेगळेच प्रश्न पडतात: आकाश उजळ की पाणी, आणि किती फरकाने? सावलीतला काळा दगड झाडीपेक्षा गडद होता का? देवळाचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं, कुठे तुटतं? काठावरची कोणती कड धारदार होती आणि कोणती विरलेली? देखण्या अभ्यासात यांची उत्तरं नसतात. फोटोतही नसतात, कारण कॅमेरा आकाश सांभाळायला गेला तर सावल्या काळ्याकुट्ट होतात, सावल्या सांभाळल्या तर आकाश पांढरंफटक होतं.

म्हणून वाटणी करून टाका. पायऱ्या किती, शिखराचे थर किती, फांदी कुठून फुटते, घंटेच्या कमानीचा आकार कसा, हे सगळं फोटोला करू द्या. रंगछटांचं परस्पर नातं, सावलीचा रंग, कडा आणि पाणी हे कागदावर तुम्ही नोंदवा. अभ्यास अर्धवट दिसला तरी हरकत नाही. प्रदर्शनात लावायला तो केलेलाच नाही.

कागद आणि माप

अभ्यासाचं प्रमाण मोठ्या चित्राच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळायला हवं. ३० × ४० म्हणजे ३:४. पाव इम्पीरियल कागद (२२ × ३० इंची इम्पीरियल तावाचा चौथा भाग) ११ × १५ इंचाचा असतो, त्याचं प्रमाण ३:४ च्या जवळ आहे, पण तेच नाही. त्यावर मास्किंग टेपने ९ × १२ इंचांची चौकट बांधून घ्या. वर-खाली एकेक इंच आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच समास उरतो. हा समास रंग तपासायला आणि टिपणं लिहायला लागतोच, तेव्हा तो वाया जात नाही. शिवाय ९ × १२ चे तीन-तीन इंचांचे बारा चौकोन होतात आणि कॅनव्हासवर त्याचेच दहा-दहा इंचांचे बारा. भागाकार-गुणाकाराची कटकट राहत नाही. अर्धा इम्पीरियल (१५ × २२) मोहात पाडतो, पण तो ३:४ पेक्षा लांबट आहे. त्यावर पूर्ण कागदभर रचना केली तर कॅनव्हासवर उतरवताना एका बाजूचा घाट तरी कापावा लागतो, नाहीतर वरचं आकाश ताणावं लागतं.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरखरीत, शक्यतो शंभर टक्के कॉटनचा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सरावाला चालतो, पण त्यावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एकसारखा वाळत नाही, आणि ओल्यात ओलं काम करताना, म्हणजे ओल्या थरावरच पुढचा रंग लावताना, पाण्याचे डाग लवकर उठतात. ३०० जीएसएमपेक्षा हलका कागद असेल तर तो ताणून घ्यावा लागतो: पाच-सात मिनिटं पाण्यात भिजवायचा, पाणी निथळू द्यायचं, प्लायच्या फळीवर गोंदाच्या तपकिरी टेपने चारी बाजूंनी चिकटवायचा आणि सावलीत सपाट वाळवायचा. हे आदल्या रात्रीच उरका.

एक चाचणी घरीच करा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो थोडा वेळ पृष्ठभागावर फुगून राहिला तर कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) शाबूत आहे. टीपकागदावर पडल्यासारखा लगेच जिरला तर गेलं. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या कागदाचं सायझिंग जागोजाग खराब होतं, आणि ते कळतं आकाशाचा वॉश टाकल्यावर, जेव्हा मध्येच गडद ठिपके उठतात. कागद प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा.

बसायचं कुठे: इंचांचा हिशेब

मेणवलीचा घाट अर्धचंद्राकार आहे, म्हणून बैठक दहा पावलं सरकली तरी पायऱ्यांच्या रेषा पार बदलतात. पण बहुतेक जण डावं-उजवं बघतात आणि उंची विसरतात. नदीच्या दृश्यात डोळ्याची पाण्यापासूनची उंची सर्वात महत्त्वाची, कारण पाण्याचा पट्टा किती रुंद दिसणार हे तीच ठरवते.

हिशेब सोपा आहे. समोरचा काठ ६० मीटरवर आहे असं धरा. वरच्या पायरीवर बसलात, डोळा पाण्यापासून ५ मीटर उंच. हात लांब करून ६० सेंटीमीटरवर पट्टी धरली तर समोरची जलरेषा क्षितिजरेषेच्या, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या पातळीच्या, ५ सेंटीमीटर खाली दिसेल. तेच अगदी खालच्या पायरीवर बसून डोळा दीड मीटरवर आणलात, तर फक्त दीड सेंटीमीटर. क्षितिजरेषा जिथल्या तिथे ठेवली तर वरून बघताना समोरचा काठ चित्रात बराच खाली येतो आणि नदी अंगण झाल्यासारखी तिरकी पसरते. खालून बघताना ती आडवी पडते, लांबचं पाणी अरुंद पट्टीत मिटतं आणि प्रतिबिंबं जोरकस होतात. मोठ्या चित्रात पाण्याला महत्त्व द्यायचं असेल तर खाली बसा. पायऱ्यांची चंद्रकोर दाखवायची असेल तर वर. दोन्ही एकाच चित्रात हवं म्हणून वरून पायऱ्या आणि खालून पाणी असं जोडकाम केलं की चित्र कुठेतरी खटकतं आणि कारण सापडत नाही. म्हणून क्षितिजरेषा पेन्सिलने कागदाच्या दोन्ही समासांपर्यंत ओढून ठेवा, झाडीमागे दडलेली असली तरी.

पायऱ्यांचाही प्रश्न या रेषेनेच सुटतो. डोळ्याच्या पातळीखालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात, वरच्यांच्या फक्त उभ्या बाजू दिसतात. सकाळच्या उन्हात माथे उजळ आणि उभ्या बाजू सावलीत असतील, तर घाटाचा खालचा भाग पट्ट्यापट्ट्यांचा आणि वरचा भाग जवळजवळ सलग गडद दिसतो. सगळ्या पायऱ्यांना सारख्याच पट्ट्या मारल्या की घाट हार्मोनियमच्या भात्यासारखा दिसू लागतो.

पुठ्ठ्यात ९ × १२ सेंटीमीटरची खिडकी कापून घ्या आणि ती डोळ्यापासून नेहमी सारख्याच अंतरावर धरा. पुठ्ठ्याला दोरा बांधून त्याचं टोक दातात धरलं की अंतर चुकत नाही.

आधी सावल्या, मग बाकी सगळं

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तास बसलात तर २२ अंशांहून जास्त. म्हणजे काम संपवताना तुमच्यासमोर वेगळंच दृश्य असतं. बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार पेन्सिलने बांधून टाका आणि शेजारी वेळ लिहा. पुढे सावली सरकली तरी आकाराला हात लावायचा नाही. एचबी किंवा टूबी पेन्सिल पुरे. खोडरबर घासू नका, त्याने सायझिंग खरवडलं जातं आणि तिथे रंग गडद बसतो. मऊ पुटी रबर दाबून उचला.

त्यानंतर रंगाकडे वळण्याआधी, वेगळ्या कागदावर तीन-चार इंचांचं एक टोनस्केच, म्हणजे फक्त उजळ-गडद छटांचं रेखाटन, करा, एकाच रंगात. पेन्स ग्रे किंवा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं मिश्रण चालेल. पाच पायऱ्या धरा: १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे सर्वात गडद. डोळे अर्धे मिटून एकेका मोठ्या आकाराला आकडा द्या. स्वच्छ हिवाळी सकाळी साधारण असं निघतं: उन्हातला चुन्याचा गिलावा १, क्षितिजालगतचं आकाश २, उन्हातल्या पायऱ्या २ ते ३, लांबचे डोंगर ३, वडाची झाडी ४, कमानीच्या आतली सावली ५. हे आकडे पाठ करायचे नाहीत. ढगाळ दिवशी आकाशच १ होतं आणि गिलावा त्याहून गडद. हाच शोध तुम्हाला जागेवर लावायचा आहे. या पंधरा मिनिटांना जो कात्री लावतो, त्याला स्टुडिओत दिवसच्या दिवस मोजावे लागतात.

उन्हात पांढऱ्या कागदावर काम करू नका. लख्ख कागदावर प्रत्येक रंग फिका वाटतो, म्हणून हात गडद लावत जातो आणि घरी आल्यावर अभ्यास मळकट, काळवंडलेला दिसतो. कागद सावलीत हवा. छत्री पांढरी, करडी किंवा काळी. निळ्या-लाल छत्रीचा रंग कागदावर सांडतो आणि तुमचे सगळे उष्ण-शीत अंदाज चुकतात. उलट, गर्द वडाखाली बसलात तर रंग फिके लागतात. अर्ध्या कामात कागद एकदा उघड्या सावलीत नेऊन पाहावा.

रंग लावताना

पॅलेट छोटी ठेवा: अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड आणि एक गार पिवळा. तयार सॅप ग्रीन पिशवीतच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि रॉ सिएनाचा हिरवा वडाला जास्त जवळचा असतो, गडद हवा तिथे बर्न्ट सिएना. घाटाचा दगड बेसॉल्ट आहे, पण ट्यूबमधला काळा त्यासाठी लावू नका. उन्हातला दगड पातळ लाइट रेड आणि रॉ सिएनात किंचित अल्ट्रामरीन घालून मिळतो; सावलीतला दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकट मिळतो. पाण्यालगतची ओली पट्टी मात्र कोरड्या दगडापेक्षा एक-दीड पायरी गडद आणि गुळगुळीत असते. ही एवढीशी पट्टी घाटाला पाण्यात बसवते. ती नसेल तर घाट पाण्यावर तरंगतो.

ब्रश तीन पुरतात: एक इंची चपटा, १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल. पाण्याची भांडी दोन, एक धुवायला आणि एक रंगात मिसळायला. एकाच भांड्यावर भागवलं की अर्ध्या तासात सगळ्या रंगांत तेच राखाडी उतरतं.

पहिला वॉश आकाश आणि पाणी यांचा एकत्र. ९ × १२ ला दोन चहाचे चमचे मिश्रण तरी तयार ठेवा. मध्येच संपलं तर जोड दिसतो. फळी १०-१५ अंश उतरती. उन्हातला गिलावा आणि उजळ पायऱ्यांचे माथे कोरे सोडायचे. थॉमस गर्टिन या इंग्लिश चित्रकाराने १८०० साली थेम्सकाठच्या चेल्सीचं संध्याकाळचं जलरंगचित्र केलं, ते सध्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातलं ते प्रसिद्ध पांढरं घर आणि त्याची पाण्यातली पांढरी रेघ बघा: एवढ्या मोठ्या धूसर नदीत सर्वात उजळ जागा एकच, आणि तिचं प्रतिबिंब तेवढं साथीला. अभ्यासात कोरा कागद कुठे राखायचा हे यावरून शिकता येतं. चार ठिकाणी पांढरं सोडलं तर एकही उजळ राहत नाही.

आकाश वर गडद आणि क्षितिजाकडे फिकं होत जातं. पाण्यात क्रम उलटा: समोरच्या काठाजवळचं पाणी क्षितिजालगतचं फिकं आकाश दाखवतं, तुमच्याकडे येता येता डोक्यावरचं गडद आकाश दाखवू लागतं, जे चित्राच्या चौकटीत नसतंच. म्हणून पाणी पुढे येताना गडद होतं. वरच्या आकाशाची घडी घालून तोच रंग खाली ठेवला असं होत नाही.

वॉशची चमक जाऊन कागद अजून थंड लागतो, ती वेळ प्रतिबिंबं टाकायची. हाताची मागची बाजू कागदाजवळ नेऊन गारवा तपासा. या वेळी ब्रशमध्ये रंग दाट आणि पाणी कमी हवं. कागदापेक्षा ब्रश ओला असेल तर ते जास्तीचं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उठते. ती उठलीच तर चिवडू नका. पूर्ण वाळू द्या. अभ्यासात डाग राहिला तरी बिघडत नाही, पण खरवडलेल्या जागी पुढे कुठलीच छटा खरी लागत नाही. जानेवारीत दव असताना हा टप्पा यायला बराच वेळ लागतो, एप्रिलच्या दुपारी तो दोन-तीन मिनिटांत निघून जातो. उन्हाळ्यात म्हणून पाण्याचा भाग दोन तुकड्यांत करा. आणि जलरंग वाळल्यावर फिका पडतो हे धरून ओल्यात साधारण अर्धी ते एक पायरी गडद लावा.

प्रतिबिंब: इथेच मोठं चित्र फसतं

सर्वाधिक चुका इथे होतात, कारण प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल असं सगळे धरून चालतात. पाण्यात तुम्हाला जे दिसतं ते, तुमचा डोळा पाण्याखाली तेवढ्याच खोलीवर असता तर त्याला वर बघताना जे दिसलं असतं ते. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप निघतं.

पहिला परिणाम: पायऱ्यांचे माथे प्रतिबिंबात दिसत नाहीत. खालून बघणाऱ्याला फक्त उभ्या बाजू दिसणार. वर उन्हातले उजळ पट्टे असतील तर पाण्यात ते गायब, तिथे सलग गडद भाग. कमानीचं मात्र उलट: वरून न दिसणारं तिचं आतलं छत पाण्यात दिसतं. घाटाच्या प्रतिबिंबात उजळ पट्टे मोजून मोजून काढलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. ते घरी बसून काढलेत हे चटकन कळतं.

दुसरा परिणाम: काठापासून मागे असलेली वस्तू पाण्यात कमी दिसते. आकड्यांत बघा. नदी ४० मीटर रुंद, समोर ४ मीटर उंचीची उभी भिंत, भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर पण ३० मीटर मागे १० मीटर उंच देऊळ, तुमचा डोळा पाण्यापासून २ मीटरवर. भिंतीमुळे देवळाचा खालचा साडेचार मीटर भाग पाण्यात दिसणारच नाही. पाण्यात उतरेल ते शिखर आणि थोडी भिंत. तेच देऊळ ८ मीटर मागे असेल तर फक्त सव्वा मीटर लपतं. लांबच्या डोंगराचं तर पाण्यात टोकच येतं, किंवा तेही नाही. काठावरची झाडी त्याला पूर्ण गिळते. म्हणून वरची उंची मोजून तेवढीच खाली टाकायची नाही. पेन्सिल उभी धरून प्रतिबिंब वेगळं मोजा आणि समासात लिहा. एक गोष्ट नक्की: शिखर आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असतात, उन्हाची दिशा काहीही असो. सावली तिरकी पडते, प्रतिबिंब कधीच नाही.

तिसरा, छटांचा. उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद, गडद वस्तूचं थोडं उजळ. टोनस्केचमध्ये गिलावा १ असेल तर त्याचं प्रतिबिंब २ च्या आसपास. झाडी ४ तर पाण्यात साडेतीन. पाण्यातला सगळा खेळ वरच्यापेक्षा कमी पल्ल्यात चालतो. ५ नंबरचा गडद पाण्यात वापरलात तर वर कमानीसाठी काही उरत नाही.

वाऱ्याने पाणी हललं की प्रतिबिंब तुमच्या दिशेने उभं लांबतं आणि आडव्या भेगांनी तुटतं. लांबण उभ्या फटकाऱ्यांनी, ओल्यात. भेगा नंतर, कोरड्यावर, ओलसर चपट्या ब्रशने रंग उचलून. अल्ट्रामरीन आणि सिएना बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो निळा-हिरवा कागदाला डाग देऊन बसतो आणि उचलला जात नाही, म्हणून तो पॅलेटवर नाही. वाऱ्याचे पट्टे आडवे, आणि लांब जातील तसे अरुंद. दोन-तीन पुरेत.

पायाशी आलेलं पाणी

मोठं चित्र याच जागी पोकळ पडतं. काठाजवळून पायाशी बघताना पाणी आकाश जवळजवळ दाखवतच नाही: सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभागावरून सुमारे दोन टक्केच प्रकाश परततो, बाकीचा आत शिरतो आणि तळ दिसतो. पाण्याशी दहा अंशांच्या कोनात पाहिलं तर चाळीस टक्क्यांच्या आसपास परततो. खालच्या पायरीवर बसून डोळा दीड मीटरवर असेल तर हे दहा अंश साधारण साडेआठ मीटरवर येतात. त्याच्या अलीकडे पाण्याचा स्वतःचा रंग, बुडालेल्या पायऱ्या, शेवाळ, गाळ; पलीकडे आकाश आणि प्रतिबिंबं. मध्ये एक संक्रमणाचा पट्टा. अभ्यासात तो पट्टा कुठे आहे हे नोंदवलं नाही तर मोठ्या चित्रात पुढचं पाणी मागच्यासारखंच रंगवलं जातं आणि नदी उभ्या भिंतीसारखी दिसते.

वर्षाचा काळही बघा. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, रॉ सिएना आणि लाइट रेडच्या जवळचं. अशा पाण्यावर झाडांच्या सावल्या पृष्ठभागावर पडलेल्या दिसतात आणि प्रतिबिंबं दबतात. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर उलट. निवळ पाण्यावर जमिनीवरच्यासारखी तिरकी सावली टाकणं आणि गढूळ पाण्यात आरशासारखं प्रतिबिंब टाकणं, या दोन्ही फोटो न बघता घरी केलेल्या जोडकामाच्या खुणा.

त्यासाठी पुढच्या पाण्याचा एक वेगळा अभ्यास करा, फक्त तेवढाच, सहा-आठ इंचांचा, एका सलग बैठकीत. ९ × १२ वरून ३० × ४० ला जाताना लांबी साडेतीन पटींच्या आत वाढते, पण क्षेत्रफळ अकरा पट. अभ्यासात दोन फटकाऱ्यांत उरकलेली दोन इंचांची पट्टी कॅनव्हासवर साडेसहा इंचांहून उंच होते, आणि तिथे घालायला हातात काही नसतं.

समासातली टिपणं

इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या अभ्यासांमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. तोच रिवाज ठेवा. वेळ, ऊन कुठून, ढग किती, वारा. प्रत्येक मुख्य मिश्रणाचा चौकोनी नमुना आणि त्याखाली "सावली दगड: अल्ट्रा २, बर्न्ट १" असा हिशेब. कोणत्या कडा विरलेल्या होत्या ते बाणाने. आणि मेणवलीला एक गोष्ट न चुकता: पाण्याबाहेर किती पायऱ्या होत्या. घाट धोम धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी सोडलं की पातळी बदलते. सकाळी रंगवलेली आठवी पायरी संध्याकाळच्या फोटोत बुडालेली असू शकते, आणि मग प्रतिबिंबं कुठल्या जलरेषेवरून टाकायची याचा घोळ होतो. पातळी फार बदलली असेल तर त्या दिवसाचे फोटो या चित्रासाठी वापरू नका, कितीही चांगले आले असले तरी.

कॅनव्हासवर नेताना

चौकोन अभ्यासावर आखू नका. पारदर्शक प्लॅस्टिकवर तीन इंचांची जाळी आखून वर ठेवा. कॅनव्हासवर प्रथम क्षितिजरेषा, मग समोरची जलरेषा, मग देवळांच्या उभ्या मध्यरेषा पाण्यात खालपर्यंत. आकार नंतर.

तैलरंग सुरू करण्याआधी समासातल्या प्रत्येक नमुन्याचा तैलरंगातला जोड एका पट्टीवर मिसळून ठेवा. जलरंगात उजेड कागदातून येतो, तैलरंगात तो पांढरा घालून आणावा लागतो, आणि पांढरा रंगाला गार व खडूसारखा करतो. आकाशाचा नमुना जुळत नसेल तर पांढरा वाढवण्याऐवजी त्यात किंचित पिवळा किंवा लाइट रेड घालून बघा. सावलीतल्या दगडात मात्र पांढरा जवळपास नकोच. तिथे रंगाचा थर पातळ ठेवा.

कॅनव्हासवर पहिल्या दिवशी फक्त टोनस्केचचे पाच आकडे पाच सपाट छटांत लावा आणि अभ्यास शेजारी ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघा. या टप्प्यावर पाणी पाण्यासारखं वाटलं नाही, तर पुढे लाटा काढून ते वाटणार नाही. आकाश, काठाजवळचं पाणी आणि पायाशी आलेलं पाणी, या तिघांचे आकडे पुन्हा तपासा. बहुतेक वेळा तिसरा फिका राहिलेला असतो.